समाधान मिळवायचे की साधायचे?

मराठीत ‘समाधान’ हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो. विद्यार्थ्याच्या शंकेचे समाधान होते आणि माणसाच्या मनाचेही समाधान होते. दोन्ही ठिकाणी आशय एकच असतो. आतली चुळबूळ थांबते आणि मन जागेवर येते. मूळ संस्कृत शब्दाची फोड सम्, आ आणि धा अशी आहे. नीट, एकवटून, स्थिर ठेवणे हा त्याचा अर्थ. ‘समाधी’ हा शब्दही याच धातूपासून आला आहे. वेदान्ताने साधकाच्या अंगी असाव्यात अशा सहा गुणांना ‘षट्संपत्ती’ म्हटले. शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान असे ते सहा गुण. तेथे समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. ज्या शब्दाचा अर्थ आज ‘तृप्ती’ असा घेतला जातो, तो मुळात ध्यानाच्या परिभाषेतला शब्द आहे आणि त्याची गणना पूर्वजांनी ‘संपत्ती’त केली आहे.

आजच्या व्यवहारात मात्र या शब्दाची जागा बदलली आहे. आधी चांगले गुण, मग चांगली नोकरी, मग स्वतःचे घर, गाडी, मुलांचे शिक्षण आणि हे सारे मार्गी लागले की समाधान, अशी एक यादी मध्यमवर्गीय घरांत न सांगता पाठ झालेली असते. यादीतील एकेक गोष्टीवर खूण होत जाते. शेवटची ओळ मात्र पुढेच सरकत राहते. हे केवळ दुर्दैवाने घडते, की मनाची रचनाच तशी आहे? आणि तशी ती असेल, तर ध्यान-साधनेने त्यात खरोखर काही फरक पडतो काय? या प्रश्नांची उत्तरे परंपरेने दिली आहेतच. गेल्या पाच दशकांत मानसशास्त्राने आणि अर्थशास्त्रानेही त्यांचा कसून शोध घेतला आहे.

सवयीची किमया

फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये माणसाच्या सुखाला व्यायामाच्या फिरत्या पट्ट्याची उपमा दिली. पट्ट्यावर माणूस कितीही वेगाने धावला, तरी जागच्या जागीच राहतो. तसेच सुखाचे होते, कारण मन प्रत्येक नव्या परिस्थितीला सरावते. पगारवाढीचा आनंद काही महिन्यांत ओसरतो आणि वाढलेला पगार हाच ‘नेहमीचा’ पगार होऊन बसतो. नव्या घराचे कौतुक वर्षभर टिकते; पुढे त्याच घरातील अपुरी जागा खुपू लागते.

ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना तशाच २२ सामान्य माणसांशी आणि अपघातात अपंगत्व आलेल्या २९ जणांशी करण्यात आली. लॉटरी जिंकलेले लोक इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत. उलट, मित्राशी गप्पा मारणे, न्याहारी करणे यांसारख्या रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता. मोठ्या सुखाने लहान सुखांचा भाव उतरवला होता. हा अभ्यास लहान होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अपघातग्रस्त मंडळी इतरांइतकीच सुखी होती, असा त्याचा जो अर्थ अनेकदा सांगितला जातो तोही खरा नाही; ती कमी सुखी होती, फक्त वाटले होते तितकी दुःखी नव्हती. तरीही सरावाने सुख बोथट होते, हा त्याचा मुख्य निष्कर्ष पुढील संशोधनात वेगवेगळ्या रूपांत पुन्हा दिसला.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टर्लिन यांनी १९७४ मध्ये हाच प्रश्न राष्ट्राच्या पातळीवर मांडला. एका देशात, एका वेळी पाहिले तर श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी दिसतात. पण १९४६ ते १९७० या काळात अमेरिकेचे उत्पन्न भरघोस वाढूनही तेथील लोकांनी सांगितलेले सुख त्या प्रमाणात वाढले नव्हते. माणूस आपले उत्पन्न शेजाऱ्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहतो आणि सर्वांचेच उत्पन्न वाढले की तुलनेत कोणीच पुढे जात नाही, असा त्याचा उलगडा ईस्टर्लिन यांनी केला. पूर्वी ही तुलना वाड्यातल्या, चाळीतल्या चार बिऱ्हाडांपुरती होती. आता मोबाइलच्या पडद्यावर शेकडो परिचितांचे परदेश दौरे, नव्या गाड्या आणि वास्तुशांती रोज दिसतात. शेजार वाढला, तसे तुलनेचे क्षेत्रही वाढले.

पैशाची बाजू

तरीही पैशाने सुख मिळत नाही, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. २००८ मध्ये बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी ईस्टर्लिन यांच्या निष्कर्षाला आव्हान दिले आणि श्रीमंत देशांतील लोक सरासरीने आपल्या आयुष्याबद्दल अधिक तृप्त असतात, हे आकडेवारीने दाखवले. २०१० मध्ये डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या नोबेल विजेत्या अर्थचिंतकांच्या जोडीला असे आढळले, की अमेरिकेत वार्षिक ७५ हजार डॉलरनंतर रोजच्या सुखदुःखाच्या अनुभवात उत्पन्नामुळे फारसा फरक पडत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी तो निष्कर्ष खोडून काढला. त्यांच्या नोंदींत उत्पन्नाबरोबर सुख वाढतच गेलेले दिसत होते.

यानंतर जे घडले ते विद्वत्तेच्या क्षेत्रातही विरळाच. परस्परविरोधी निष्कर्ष काढणारे कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने एकत्र बसून आकडेवारी पुन्हा तपासली आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष मांडला. बहुतांश लोकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहते, पण सर्वांत दुःखी अशा साधारण १५ ते २० टक्के लोकांच्या बाबतीत ते एका मर्यादेपर्यंतच वाढते आणि मग थबकते. उपचाराला पैसा नसणे, घरभाड्याची चिंता, कर्जाचा तगादा ही दुःखे पैशाने हटतात. जिवलगाचा वियोग, तुटलेले नाते, मनाचा आजार ही दुःखे पैशाने हटत नाहीत, असा या थबकण्याचा अर्थ संशोधकांनी सुचवला.

ही वाढ कशी मोजतात तेही पाहण्याजोगे आहे. उत्पन्न ठरावीक रकमेने वाढले म्हणजे सुख तेवढेच वाढते असे नाही; ते दुप्पट झाले की सुखात एक लहानसा टप्पा वाढतो. पुढचा तेवढाच टप्पा गाठायला ते पुन्हा दुप्पट व्हावे लागते. पंधरा हजारांचे तीस हजार होणे आणि तीन लाखांचे सहा लाख होणे या दोन्हींचे मोल मनाच्या लेखी सारखेच. म्हणजे पैशाच्या मार्गाने समाधानाकडे जाणाऱ्यास रस्ता आहे, पण तो पुढे पुढे अधिकाधिक चढाचा होत जातो.

एका व्यापाऱ्याची शोधयात्रा

या चढावर बराच वर गेलेल्या एका माणसाची कहाणी महाराष्ट्राशी निगडित आहे. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ मध्ये ब्रह्मदेशातील मंडाले येथे, एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. तरुण वयातच रंगूनच्या व्यापारी वर्तुळात त्यांनी नाव, पैसा आणि मानाची पदे मिळवली. पण त्याच सुमारास अर्धशिशीने त्यांना ग्रासले. वेदना इतक्या तीव्र असत, की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. मॉर्फिनचे व्यसन लागेल या भीतीने त्यांनी परदेशी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. गुण आला नाही.

अखेर १९५५ मध्ये एका मित्राच्या सांगण्यावरून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. सरकारी हिशेब सांभाळणारा हा गृहस्थ १९५२ मध्ये रंगूनमध्ये ध्यानकेंद्र स्थापून विपश्यना शिकवीत होता. त्यांचे गुरू सया तेजी हेही शेतकरी गृहस्थच होते. केवळ डोकेदुखी बरी करून घेण्यासाठी यायचे असेल तर येऊ नका, असे ऊ बा खिन यांनी गोएंकांना सुनावले. ही विद्या मनाच्या विकारांवरची आहे; शरीराचा रोग गेला तर तो आनुषंगिक लाभ, ही त्यांची अट होती. गोएंकांनी ती मान्य करून शिबिर केले आणि पुढे चौदा वर्षे गुरूंच्या सहवासात साधना केली. डोकेदुखी तर गेलीच, पण आपला रागीटपणा आणि अहंकार हाच खरा आजार होता, असे ते पुढे सांगत.

या साधनेची खरी कसोटी १९६०च्या दशकात लागली. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता ताब्यात घेतली आणि त्यानंतर ब्रह्मदेशातील उद्योगधंद्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. गोएंकांचे व्यवसायही त्यात गेले. ज्या यशाच्या आधारावर माणूस स्वतःची ओळख सांगतो ते एका आदेशाने संपले. हा काळ आपल्याला साधनेसाठी मोकळीक देणारा ठरला, अशीच त्याबद्दल त्यांची भावना राहिली. मात्र येथे एक भान ठेवले पाहिजे. साधनेची सवय आधी लागलेली होती. संकट नंतर आले. घर पेटल्यावर विहीर खणण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

१९६९ मध्ये ते भारतात आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईतील एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. साधक होते अवघे चौदा. १९७६ पासून इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’ केंद्रात शिबिरे सुरू झाली आणि आज जगभरात या परंपरेची शेकडो केंद्रे व शिबिरस्थळे आहेत. मुंबईजवळ गोराई येथील, आठ हजार साधक एकत्र बसू शकतील असा, खांबांच्या आधाराविना उभारलेला दगडी घुमटाचा पॅगोडा २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते खुला झाला. २०१२ मध्ये गोएंकांना पद्मभूषण मिळाले. २०१३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

दहा दिवसांत काय घडते?

या परंपरेतील शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चार वाजता घंटा होते आणि रात्री नऊच्या सुमारास दिवस संपतो. दिवसभरात सुमारे दहा तास बैठक असते. साधकाने मौन पाळायचे असते. मोबाइल, वाचन, लेखन, सारे बंद. हिंसा, चोरी, अब्रह्मचर्य, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचे पाच शील पाळावे लागतात. शिकवण्याचे शुल्क नाही, जेवणाखाण्याचे आणि राहण्याचेही नाही. शिबिर पूर्ण केलेल्या साधकालाच, इच्छा असल्यास, पुढच्यांसाठी दान देता येते. ज्याने ऐहिक यशाचा हिशेब मांडून प्रवेश केला असेल, त्याला हा व्यवहार पहिल्याच दिवशी कोड्यात टाकतो. येथे विकत घेण्यासारखे काही नसते आणि इतरांहून पुढे जाण्याचीही सोय नसते.

पहिले तीन-साडेतीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यायचे असते. यालाच ‘आनापान’ म्हणतात. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मंत्र जपायचा नाही, कोणतीही आकृती डोळ्यांपुढे आणायची नाही. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत शरीरभर लक्ष फिरवीत जी संवेदना जेथे असेल ती तशीच पाहायची. खाज, ऊब, दडपण, कंप, दुखणे, काहीही असो. पुढे दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसण्याचा संकल्प केला जातो.

या साऱ्याचा समाधानाशी संबंध काय, हे समजण्यासाठी त्यामागील बौद्ध मानसशास्त्र पाहावे लागते. रूढ समजूत अशी, की माणसाला वस्तूची तृष्णा असते. बुद्धाच्या विश्लेषणानुसार वस्तू आणि तृष्णा यांच्यामध्ये एक कडी असते, ती म्हणजे वेदना. येथे ‘वेदना’ म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद अथवा तटस्थ अशी कोणतीही संवेदना. दुकानाच्या काचेतील वस्तू पाहून शरीरात जी सुखद हुरहूर उठते, माणसाला ती हवी असते. सहकाऱ्याला बढती मिळाल्याचे ऐकून छातीत जी जळजळ होते, माणसाला ती नको असते. वस्तू मिळाली की हुरहूर शमते आणि त्या शमण्यालाच माणूस समाधान समजतो. पण संवेदनांचा स्वभावच बदलण्याचा. पुन्हा नवी हुरहूर उठते आणि तिच्यासाठी नवी वस्तू लागते. फिरत्या पट्ट्याचे मोटार-यंत्र हेच.

तासभर न हलता बसणारा साधक या यंत्राशी प्रत्यक्ष ओळख करून घेतो. गुडघ्यातील कळ असह्य वाटते, पाय हलवण्याची ऊर्मी उसळते, ऊर्मीला बळी न पडता पाहत राहिले की काही वेळाने कळ बदलते, विरते, दुसरीकडे उमटते. कधी सर्वांगात आल्हाददायक लहरी जाणवतात. त्याही टिकत नाहीत. दोन्हीकडे समतेने पाहणे यालाच ‘उपेक्षा’ म्हणतात. मराठीत या शब्दाला आज दुर्लक्षाची छटा आली आहे. पाली परंपरेत मात्र तिचा अर्थ जवळून पाहूनही न डगमगणे असा आहे. संवेदना आणि तिच्यावरची प्रतिक्रिया यांच्यामध्ये क्षणभराची फट निर्माण होते. हवे-नकोच्या ओढीत त्या फटीएवढे स्वातंत्र्य मिळणे, हीच समाधानाची सुरुवात.

विज्ञानाची साक्ष

मन भरकटण्याचा आणि असमाधानाचा संबंध किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये मोजून दाखवला. सुमारे २,२५० प्रौढ व्यक्तींना दिवसातून केव्हाही मोबाइलवर विचारले जाई, की या क्षणी तुम्ही काय करीत आहात, मन त्याच कामात आहे का आणि कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातील कामात नव्हते. आणि भरकटलेल्या मनाची माणसे त्या क्षणी कमी सुखी होती. मन सुखद विचारांत रमलेले असले, तरी हातच्या कामात रमलेल्यांपेक्षा ती अधिक सुखी नव्हती. माणूस काय करतो आहे यापेक्षा त्याचे मन कोठे आहे, यावरून त्याच्या सुखाचा अंदाज अधिक नेमका बांधता येत होता.

मेंदूविज्ञानानेही याला दुजोरा दिला. मेंदू विशिष्ट कामात गुंतलेला नसतो तेव्हा काही भागांचे एक जाळे अधिक सक्रिय असते, हे मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले. स्वतःविषयीचे विचार, जुन्या आठवणी, उद्याच्या चिंता यांच्याशी या जाळ्याचा संबंध आहे. मुरलेल्या साधकांमध्ये या जाळ्याच्या मुख्य भागांची सक्रियता कमी आढळते, असे २०११च्या एका अभ्यासात दिसले. साधकांची संख्या मात्र त्यात थोडी होती.

वैद्यकाच्या क्षेत्रात ध्यानाला स्थान मिळाले ते जॉन कबात-झिन यांच्यामुळे. १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातूनच पुढे शास्त्रीय चाचण्यांचा ओघ वाढला. २०१४ मध्ये अशा ४७ चाचण्यांचा, म्हणजे ३,५१५ व्यक्तींच्या नोंदींचा एकत्रित आढावा घेण्यात आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने माफक पण खरा फरक पडतो, असे त्यात आढळले. व्यायाम, औषधे वा अन्य मानसोपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील चाचणीत आठ आठवड्यांचा हा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या प्रचलित औषधापेक्षा कमी परिणामकारक ठरला नाही. याचा अर्थ चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करावे, असा मुळीच नाही.

मर्यादा आणि बाजार

ध्यानाची उपयुक्तता सांगताना त्याच्या मर्यादा लपवणे हे साधनेच्या सत्यनिष्ठेलाच बाधक आहे. दीर्घ मौन आणि दिवसभराची बैठक सर्वांना मानवत नाही. काहींना तीव्र भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्याची भावना असे त्रास झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. गंभीर मनोविकार असलेल्यांनी, विशेषतः ज्यांना पूर्वी भ्रम वा उन्मादाचे झटके आले असतील त्यांनी, मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय निवासी शिबिरास जाऊ नये.

ध्यान सक्तीने वा सरसकट शिकवल्यास ते फळतेच असेही नाही. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रमा’द्वारे विद्यार्थ्यांपर्यंत आनापान नेले आहे. अशा उपक्रमांनी ब्रिटनमधील अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथे सुमारे ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, वर्गातील सजगतेच्या धड्यांमुळे मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुले घरी सराव करीतच नव्हती, हेही त्यात दिसले. ध्यान ऐकून येत नाही, करूनच येते, आणि करण्याची ओढ आतून यावी लागते.

याहून मोठा धोका बाजाराचा आहे. मोबाइलवरील ॲप, महागडी निवासी शिबिरे, कंपन्यांतील ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’चे वर्ग यांतून ध्यान ही विकाऊ वस्तू झाली आहे. कार्यक्षमता वाढावी, अधिक तास काम करता यावे, बढती लवकर मिळावी म्हणून ध्यान करणे म्हणजे फिरत्या पट्ट्यावर अधिक वेगाने धावता यावे म्हणून दम साधणे होय. सलग किती दिवस ध्यान केले याचे आकडे मित्रांना दाखवण्याची हौसही त्यातलीच. तृष्णेने केवळ वेष बदललेला असतो.

संतोष म्हणजे शरणागती नव्हे

समाधानाच्या उपदेशावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ज्याच्या शेतमालाला भाव नाही, ज्याला बारा तास राबूनही किमान वेतन मिळत नाही, त्याला समाधान मानायला सांगणे म्हणजे अन्याय गोड करून घ्यायला सांगणे नव्हे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाला नेमकेपणाने हात घातला. १९५६ मध्ये नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या बाबासाहेबांनी, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात, बुद्धाने दारिद्र्याचे उदात्तीकरण केलेले नाही, हे आवर्जून दाखवून दिले. संपत्ती मिळवण्यास बुद्धाचा विरोध नव्हता. विरोध होता तो अमर्याद लोभाला आणि गैरमार्गाला.

पाली ग्रंथांत अनाथपिंडिक या धनाढ्य गृहस्थाला बुद्धाने सांगितलेल्या चार सुखांचा उल्लेख येतो. कष्टाने आणि सन्मार्गाने मिळवलेले धन आपल्यापाशी आहे, हे पहिले सुख. त्या धनाचा उपभोग घेता येतो आणि दानधर्म करता येतो, हे दुसरे. आपण कोणाचे थोडेबहुतही ऋण लागत नाही, हे तिसरे. आणि आपली कृती, वाणी व विचार निर्दोष आहेत, हे चौथे. पहिली तिन्ही सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत, असे बुद्धाने सांगितल्याचे ग्रंथ म्हणतात. गृहकर्ज, वाहनकर्ज आणि क्रेडिट कार्डाचे हप्ते यांनी पगाराचा मोठा भाग आधीच बांधून टाकलेल्या आजच्या नोकरदाराला यातील तिसऱ्या सुखाचे मोल वेगळे सांगायला नको. पुष्कळदा पहिल्या दोन सुखांच्या घाईत तिसरे आधीच विकलेले असते.

पतंजलींनी योगसूत्रांत केलेली मांडणीही येथे मार्गदर्शक ठरते. अष्टांग योगात ध्यान हे सातवे अंग आहे. संतोष मात्र दुसऱ्याच अंगात, नियमांमध्ये, शौचाच्या पाठोपाठ येतो आणि त्याला लागूनच तप येते. म्हणजे संतोष हे वाटचालीच्या अखेरीस मिळणारे पारितोषिक नव्हे. सुरुवातीलाच अंगी बाणवायची ती शिस्त आहे. आणि त्याच्या शेजारी तप असल्याने संतोषाला निष्क्रियता म्हणता येत नाही. प्रयत्न पूर्ण करायचा, पण आपली योग्यता फळाच्या हवाली करायची नाही, असा त्याचा व्यवहारी अर्थ होतो.

म्हणून समाधानी माणूस वेतनवाढ मागू शकतो, अन्यायाविरुद्ध उभा राहू शकतो, धंदा वाढवू शकतो. मागणी मान्य झाली नाही तर तो खचत नाही आणि झाली तर हुरळून जात नाही, एवढाच फरक. ऊ बा खिन यांनी महालेखापालाचे काम सोडून ध्यान शिकवले नाही. त्या पदावर राहून शिकवले आणि कार्यालयातच साधनेसाठी एक खोली राखली होती.

रोजच्या जगण्यात

दहा दिवस काढणे प्रत्येकाला शक्य नसते. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत दिलेली असली, तरी खासगी नोकरीत, शेतीत वा घरातील आजाऱ्याची सेवा करताना इतकी उसंत मिळणे अवघड. अशांनी श्वासाच्या साध्या निरीक्षणाने आरंभ करण्यास हरकत नाही. सकाळी, घर जागे होण्यापूर्वी, पाठ ताठ ठेवून दहा-पंधरा मिनिटे बसावे. खुर्चीवर बसले तरी चालते. नाकपुड्यांपाशी श्वास जातो-येतो, तेवढेच पाहावे. मन दुधाच्या हिशेबाकडे, कालच्या भांडणाकडे किंवा उद्याच्या बैठकीकडे जाईलच. ते गेल्याचे लक्षात येताच, स्वतःवर न चिडता, त्याला पुन्हा श्वासावर आणावे. मन दहा वेळा गेले आणि दहा वेळा परत आणले, तर त्या दिवशीची साधना उत्तम झाली असे समजावे, कारण परत आणणे हाच अभ्यास आहे.

दुसरी साधना बाजारात करायची. मोबाइलवर एखादी वस्तू पसंत पडते आणि बोटाच्या एका स्पर्शात पैसे चुकते होतात. त्या स्पर्शापूर्वी दोन मिनिटे थांबून शरीरात काय चालले आहे ते पाहावे. श्वास वेगवान आहे का, पोटात हुरहूर आहे का? ही हुरहूर दोन मिनिटांत बदलते का? वस्तू खरोखर गरजेची असेल तर ती दोन मिनिटांनीही गरजेचीच राहील. असाच प्रयोग दुसऱ्याच्या यशाची बातमी ऐकताना करता येतो. जळजळ नाकारायची नाही, तिला समर्थनही द्यायचे नाही. फक्त ती कोठे उठते आणि किती वेळ टिकते, हे पाहायचे.

आठवडाभरात काही चमत्कार घडणार नाही. पहिले काही दिवस तर मन पूर्वीपेक्षा अधिक अशांत झाल्यासारखे वाटते. खरे म्हणजे अशांतता आधीचीच असते. ती दिसू लागली एवढेच. तीन-चार महिने नियमाने बसल्यावर फरक दिसतो तो बैठकीपेक्षा व्यवहारात. प्रत्युत्तर देण्याआधी थोडा अवधी मिळतो, जेवणाची चव कळू लागते, समोरच्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले जाते. लॉटरी जिंकलेल्यांच्या हातून निसटलेल्या लहान सुखांची चव अशी परत येऊ लागते. घराचे हप्ते तेवढेच असतात, बढतीचे पत्र आलेले नसते. पण यादीची शेवटची ओळ गाठण्यासाठी आधीच्या सर्व ओळींवर खूण होण्याची वाट पाहावी लागत नाही.